डोळे तपासण्याचा हिवाळा

२ डिसेंबर
आजपासून रोजनिशी. विषय एकच, द्राक्षं. उतारावर फ्राँटेनॅक वाणाच्या चाळीस वेली. तिसरं वर्ष, म्हणजे येत्या हंगामात पहिले घड, पहिली रेड वाइन. जमीन मेहुण्याची, लोवेलची. त्याने आज स्पष्ट सांगितलं, दाजी, मेअखेर घड दिसले तर जागा तुमची, नाहीतर मी सोयाबीन पेरणार. मी हसलो. हा वाण आपल्या मिनेसोटाच्या थंडीसाठीच काढलेला. संकल्प : घाबरायचं नाही.

१९ डिसेंबर, सकाळी
पारा उणे अकरा फॅरनहाइट. घाबरलो नाही. पारा फक्त चारदा पाहिला. द्राक्षांच्या पुस्तकात म्हटलंय, काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची गाठ, ब्लेडने आडवा कापून बघावा. आत हिरवा तर जिवंत, तपकिरी तर मेला. चार कापले. चारही हिरवे! धावत जाऊन बायकोला, अर्डिसला सांगितलं. ती म्हणाली, अभिनंदन, आता पँट घालून ये.

६ जानेवारी
उणे एकोणीस. प्रत्येक वेलीचे तीन-तीन डोळे कापले. सगळे हिरवे. तासभर बरं वाटलं. मग पुन्हा वारा सुटला.

१२ जानेवारी
चर्चच्या तळघरात कॉफी. लोवेल सगळ्यांसमोर म्हणाला, आमचे दाजी हल्ली बर्फात गुडघे टेकून असतात, इतकी भक्ती इथे आत कधी दिसली नाही. मी म्हणालो, ही शास्त्रीय तपासणी आहे. तो म्हणाला, वेगळंच आहे हो. आमच्या मिनेसोटात ‘वेगळंच’ याहून जहाल शिवी नाही.

२९ जानेवारी
उणे अठ्ठावीस. वाण सोसतो म्हणे उणे तीस. म्हणजे दोन अंश शिल्लक. दोन! जाड हातमोजे घालून कापतो, त्यामुळे काप खोल जातो. तेही बरंच. एका डोळ्यात तीन कोंब असतात, एक मेला तरी दुसरा फुटतो. तिन्ही तपासून होतात.

३० जानेवारी
एक तपकिरी निघाला. एक. जेवण गेलं नाही. एक मेला तर शेजारचा कशावरून जिवंत? शेजारचा कापला. हिरवा. मग त्याच्या शेजारचा?

१४ फेब्रुवारी
अर्डिससाठी चॉकलेट आणायचं राहिलं. ब्लेडचं पाकीट आणलं. तिने विचारलं, कापलेल्या डोळ्याचं पुढे काय होतं रे? चांगला प्रश्न. उद्या पुस्तकात बघेन.

१५ फेब्रुवारी
उणे बावीस. बघायचं राहिलं.

२३ मार्च
छाटणी. ठेवायच्या काड्या निवडल्या, बाकीच्या काढल्या. ठेवलेल्यांची शेवटची खात्री करून घेतली. सगळं हिरवंगार! लोवेलला फोन करून सांगितलं, पिंप तयार ठेव.

११ मे
कुंपणावरच्या रानद्राक्षाला फूट आली. माझ्या काड्या अजून गप्प. उशिरा फुटणारी वेल चतुर, उशिराच्या हिमकडाक्यातून वाचते. असं मी अर्डिसला म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि भांडी घासायला घेतली. भांडी स्वच्छ होती.

२० मे
खोडाच्या बुडातून चार पानं आली! काड्यांवर काही नाही. अर्डिसने आपण होऊन पुस्तक उघडलं, ते पान काढलं आणि माझ्यासमोर ठेवून बाहेर गेली. लिहिलं होतं, नमुन्यादाखल थोडेच डोळे तपासावेत. कापलेला डोळा पुन्हा फुटत नाही. ही ओळ आधी तिथे नव्हती असं माझं मत आहे.

३० मे
लोवेल आला. एका ओळीतून शेवटपर्यंत चालत गेला, काडीवरून बोट फिरवत. पेरापेराला काप. टोपी काढून म्हणाला, दाजी, हे कुणी केलं? मी म्हणालो, थंडीने. तो म्हणाला, यंदा थंडीला धार फार होती हो. मग बराच वेळ आम्ही दोघंही हवामानावर बोललो.

३१ मे
ट्रॅक्टरला साखळी लावून लोवेल वेली उपटतोय. अर्डिस म्हणते, आत ये, कॉफी निवतेय. येतो म्हणालो. आधी नोंद करून ठेवतो, पुढच्या माणसाला उपयोगी पडेल : वाण उत्तम. एक सोडला, तर एकही डोळा थंडीने मेला नाही.