ढब्बू गेल्याची खबर

१९ मार्च, दुपार
दुकानातून

चि. ठकूस,

आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. जिना चढताना गुडघा तेवढा कुरकुरतो. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, साठ सदरे, त्यामुळे मशीनवरून उठायला फुरसत नाही. शेजारच्या सलूनवाल्याने नवे आरसे लावलेत. तेव्हापासून तो गिऱ्हाइकापेक्षा स्वतःलाच जास्त न्याहाळतो.

ठकू, आपला ढब्बू गेला.

गेल्या महिन्याच्या सव्वीस तारखेला. त्यानंतर तीन रविवारी तू फोनवर विचारलंस, "ढब्बू काय करतोय?" आणि मी म्हणालो, "झोपलाय." एकदा तर वर म्हणालो, "कटिंगच्या टेबलाखाली घोरतोय, ऐकू येत नाही का?" तू हसलीस.

आधी त्याचं खाणं सुटलं, मग मागचे पाय गेले. उचलून दवाखान्यात नेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोटात गाठ आहे, काका. बरा होणार नाही. हाल थांबवता येतील. तुम्ही म्हणाल तसं."

मी म्हणालो, "कुत्रा माझ्या मुलीचा आहे. तिला विचारतो."

बाहेर बाकावर बसून तुझा नंबर काढला. बघत राहिलो. मग फोन खिशात टाकून आत गेलो आणि म्हणालो, "कुत्रा माझाच आहे. द्या इंजेक्शन."

डोकं माझ्या मांडीवर होतं. नेहमीसारखा माझा अंगठा चाटत होता, खडू लागलेला. चाटता चाटता थांबला.

तू रडशील म्हणून सांगितलं नाही, अशी मी मनाची समजूत घालत होतो. ते खरं नाही. तू मनासारखं लग्न केलंस तेव्हा मी तुला म्हणालो होतो, "पुन्हा या घराची पायरी चढू नकोस." चार वर्षं तू चढली नाहीस. पण दर रविवारी फोन केलास, ढब्बूच्या नावाने. मागच्या वर्षी मला खोकला झाला, तर तू विचारायचीस, "ढब्बूचा खोकला कसा आहे?" मीही सांगायचो, "सकाळी जरा जास्त होतो त्याला." आणि तू औषधाचं नाव सांगायचीस. माणसाच्या औषधाचं!

तो गेल्याचं कळल्यावर तू फोन कशाला करशील, या भीतीने माझी दातखीळ बसली होती.

ढब्बूचे हाल थांबवले, त्यात मी चुकलो असं मला वाटत नाही. तुझ्या बाबतीत मात्र चुकलो. तेव्हाही, आणि नंतर चार वर्षं रोज. जमेल तेव्हा दोघं या. जन्मभर गावाची मापं घेतली, आणि जावयाच्या खांद्याचं माप ठाऊक नाही, असा शिंपी मी.

आता ढब्बूच्या आड लपायची सोय उरली नाही. म्हणून सरळच विचारतो, पोरी, तू कशी आहेस?

तुझा
बाबा