नाही म्हणायचा पेशा

प्रिय क्लाइव्ह,

'प्रिय' हे हाताच्या सवयीने लिहिलं गेलंय, त्यावर फार विसंबू नकोस. घटस्फोटानंतर आपल्यात टपालाने नाताळच्या कार्डांपलीकडे काही गेलं-आलं नाही, आणि तुझ्याकडची कार्डंही तुझ्या रोझालिंडच्या अक्षरात असायची. तेव्हा माझं एवढं जाड पाकीट पाहून तू आधी चष्मा पुसशील, मग चहाचं पाणी ठेवशील, आणि मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पहिल्याच पानावर माझी एखादी चूक शोधशील. हिशेबनिसाची नजर ती. शोध बापडा, पण शेवटपर्यंत वाच.

मी गेल्या महिन्यात बर्मिंगहॅमला आमच्या लोकांच्या अधिवेशनाला गेले होते. आमचे लोक म्हणजे हॉस्पिसमध्ये, अखेरचे दिवस मोजणाऱ्या रुग्णांच्या इस्पितळात, स्वयंसेवकांना निवडणारे, शिकवणारे, सांभाळणारे आणि वेळ आली की घरी पाठवणारे. या कामाला रीतसर पेशा म्हणून मान्यता मिळावी, त्याला देशभर एकच अभ्यासक्रम आणि परीक्षा असावी, एवढाच विषय होता. त्यावर एक गृहस्थ पाऊण तास बोलले. गळ्यात केशरी मफलर, पायात किमती बूट, आणि तोंडात सारखं 'हृदय'. या कामाला हृदय लागतं म्हणे, बाकी सगळं आपोआप जमतं. या माणसाने आयुष्यात कधी एखाद्या म्हातारीला सांगितलेलं नाही की बाई गं, आता तुझे हात थरथरतात, उद्यापासून रुग्णांना गरम चहा द्यायला येऊ नकोस. ती रडते, तुम्हाला दुष्ट म्हणते, आणि तिचं बरोबरही असतं. केशरी मफलरवाल्याने असलं काही केलेलं नसल्यामुळेच त्याला भाषणाला बोलावतात. मी उठून विचारलं, "तुम्ही शेवटचं कोणाला 'नाही' म्हणालात?" तो गोड हसला आणि म्हणाला, मी 'हो' म्हणणाऱ्यांपैकी आहे. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. आमचेच लोक. मी सँडविच न खाताच परतीची गाडी पकडली.

तुला या सगळ्याचं हसू येत असेल. तुझं हसू मला पाठ आहे. तुझ्या भागीदाराकडे जेवायला गेलो होतो तेव्हा त्याच्या बायकोने विचारलं की जॅनिस हॉस्पिसमध्ये नेमकं करते काय, आणि तू वाइनचा घोट गिळून सांगितलंस, "ती फुकट्यांची मुकादम आहे." टेबलभर हशा पिकला. त्या बाईने तर डोळे पुसत विचारलं, पण मग याचा पगार मिळतो का? तुझ्या पेशाला राजाची सनद, नावापुढे अक्षरं, भिंतीवर चौकट. आणि माझा पेशा म्हणजे चहा पाजायचा, आभार मानायचे, डिसेंबरात केक वाटायचा. तुला तसंच वाटायचं, आमच्या संचालिका पेम्बर्टनबाईंनाही तसंच वाटायचं. मरणाऱ्या माणसाच्या उशाशी कोणाला बसवायचं हे ठरवायला काही अक्कल लागते, हे दोघांच्याही गावी नव्हतं.

डेस्मंड ऑलरॉइड तुला आठवेल, बँकेचा मॅनेजर होता. त्याची बायको आमच्याकडेच वारली, आणि जेमतेम महिना उलटतो न उलटतो तोच तो माझ्यासमोर येऊन बसला. म्हणाला, मला इथे रुग्णांजवळ बसायचंय. मी नाही म्हटलं. त्याला सांगितलं की वर्षभर थांब, तोवर आमच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात ये, बागेत ये, पण खाटेजवळ नाही. तो सरळ विश्वस्तांकडे गेला. विश्वस्त त्याच्याबरोबर गोल्फ खेळायचे. पेम्बर्टनबाईंनी मला बोलावून सुनावलं, "जॅनिस, तो दुःखात आहे आणि मदत करू म्हणतोय. त्याला नाही म्हणणारी तू कोण?" आणि दुसऱ्या सोमवारी त्याला वॉर्डात बसवलं.

तो वाईट नव्हता, क्लाइव्ह. वाईट असता तर सोपं होतं. त्याला कोपऱ्यातल्या खोलीतल्या मिसेस थ्वेट दिल्या. शाळेत शिवण शिकवायच्या, दोन आठवडे उरले होते. तो त्यांना चमच्याने सूप भरवायचा, केस विंचरायचा, ठरलेल्या वेळानंतरही बसून राहायचा. नर्सा म्हणायच्या, काय देवमाणूस आहे. एकदा मी त्याला मिसेस थ्वेटना 'मार्गी' म्हणताना ऐकलं. मार्गी त्याच्या बायकोचं नाव. मी पुन्हा पेम्बर्टनबाईंकडे गेले आणि पुन्हा हात हलवत परत आले.

त्या बाई गेल्या तो दिवस असा होता की त्यांची मुलगी स्कॉटलंडहून सकाळपासून गाडी हाकत आली. दुपारी ती खोलीच्या दारात पोचली तेव्हा डेस्मंड तिच्या आईचा हात दोन्ही हातांत धरून बसला होता. तिने सांगितलं, मी मुलगी आहे. तो म्हणाला, आत्ता नको, तिला त्रास होतोय, बाहेर थांबा. असं काही अधिकाराने म्हणाला की तिला तो डॉक्टरच वाटला, आणि ती बिचारी बाहेर बाकावर जाऊन बसली. ओव्हरकोट तसाच अंगात. मी जिना चढून येईपर्यंत सगळं संपलं होतं. तिने आरडाओरडा केला नाही. मला एवढंच म्हणाली, "मला वाटलं, ते सांगतात म्हणजे तसंच असेल." आणि आत डेस्मंड एका परक्या बाईच्या उशीवर डोकं ठेवून रडत होता. दुसऱ्यांदा विधुर झालेला. त्यानंतर तो कुणालाच फारसा भेटला नाही.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन तुला हे सगळं सांगितलं. आपल्या संसारात मी तुला इतकं सलग काही पहिल्यांदाच सांगत होते. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "चांगल्या मनाने आला होता ना? मग झालं तर. फुकट राबणाऱ्याला आणखी काय जाब विचारायचा?" आणि क्रिकेट लावलंस. मी तेव्हा तुला सोडलं नाही. सोडण्याचं श्रेय पुढे तू आणि रोझालिंडने घेतलंत. पण तुझ्याविषयी जो काही आदर शिल्लक होता तो त्या संध्याकाळी ताटातल्या गार बटाट्यांबरोबर मी कचऱ्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी पेम्बर्टनबाईंना सांगितलं की यापुढे खाटेजवळ कोण बसणार ते मी ठरवणार, नाहीतर त्यांनी दुसरी शोधावी. त्या म्हणाल्या, तू इतकी गोड आहेस म्हणून तर तुला घेतलं. मी म्हटलं, ते आता बंद. मग मुलाखती आल्या, शिकवणी आली, शोकात असलेल्याने वर्षभर थांबायचा नियम आला. माझ्यासारख्याच वैतागलेल्या चारजणी जिल्ह्यात सापडल्या आणि आम्ही कॉलेजच्या मागे लागून अभ्यासक्रम सुरू करून घेतला. पहिल्या वर्गात एक विश्वस्त नुसता गंमत बघायला आला होता. मी त्याला खोटा शोकाकुल उमेदवार समोर बसवून नकार द्यायला सांगितलं. तो घामाघूम झाला, पण त्याच्याच्याने नाही म्हणवेना. पुन्हा आला नाही.

आणि मग या फेब्रुवारीत तू रोझालिंडला शेवटच्या दिवसांसाठी आमच्याकडे घेऊन आलास. आमची स्वयंसेविका एनिड तिच्याजवळ बसायची, ती उंच, आधी बस चालवायची ती. तू दारात दिसलास की ती खुर्ची रिकामी करून उठायची, आणि तू गेलास की येऊन बसायची. रोझालिंड गेली तेव्हा त्या कोपऱ्यातल्या खोलीत तू होतास आणि दुसरं कोणी नव्हतं. निघताना कोट चढवत तू मला म्हणालास, "ही एनिड तुम्हाला कुठून मिळाली? काय उपजत समज आहे बाईला." उपजत. पहिल्या महिन्यात ती रुग्णांच्या नातेवाइकांना खोलीबाहेर काढून उशा नीट करायची, क्लाइव्ह. तिला उठायला शिकवता शिकवता मला अर्धं वर्ष लागलं. पण तू विधुर होऊन पार्किंगकडे निघाला होतास, म्हणून मी नुसतं दार उघडून धरलं.

आता मुद्द्याचं. सोमवारी तुझा अर्ज माझ्या टेबलावर आला. रुग्णांजवळ बसायला आवडेल, शक्य तर कोपऱ्यातल्या खोलीत. शिवाय तू आमच्या नव्या संचालकांना फोन करून आपली जुनी ओळख आहे असंही सांगितलंस म्हणे. त्यांनी तुझ्यासाठी माझ्याकडे शब्दसुद्धा टाकला नाही, तूच ठरव म्हणाले. एवढं तरी मधल्या वर्षांत बदललं. तर माझं उत्तर नाही असं आहे. इतरांना असं उत्तर मी दोन ओळींत कळवते, पण तुला दोन ओळी आल्या असत्या तर तू त्याला सूड समजला असतास. सूड घ्यायचा असता तर मी तुला हो म्हटलं असतं. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा अर्ज कर. मुलाखत माझी सहकारी कॅथलीन घेईल, मी खोलीतही नसेन, आणि ती नाही म्हणाली तर माझ्याकडे येऊ नकोस. मधल्या काळात गुरुवारी सकाळी बागेत माणसं लागतात. गुलाबांची छाटणी तुला येत नाही हे मला ठाऊक आहे. तिथे शिकवतात.

तुझीच म्हणवत नाही,
जॅनिस