यंत्रावरचं हिरवं पाकीट

१२ ऑक्टोबर, सोमवार
कंपनीचं यंत्र आज माझ्या प्रयोगशाळेत आलं. कपाटाएवढं. काचेवर अतिशय पातळ थर बसवतं. कमी उष्णतेत थर बसवायची कल्पना माझी, यंत्र त्यांचं. याला म्हणे भागीदारी. तेवीस तारखेला कंपनीचे उपाध्यक्ष हुंग थर बघायला येणार. थर बसला तर प्रकल्प इथेच चालेल. नाही बसला तर डीन ही खोली कंपनीच्या ट्रेनिंग सेंटरला देणार. हे त्यांनी हसत सांगितलं. दात दाखवायला दुसरा विषय मिळाला नाही.

थर बसणारच. संशोधन विद्यापीठात होतं. कंपन्या ते फक्त पुन्हा पुन्हा करतात.

यंत्र जोडायला आला कोण, तर लियाओ. माझाच विद्यार्थी. संशोधन तुला झेपायचं नाही, असं मी त्याला वेळीच सांगितलं होतं. माझं खरं ठरलं, इंजिनीअर झाला. जाताना त्याने यंत्राच्या डोक्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलं. हिरवं, म्हणजे यंत्राचा दिवाही हिरवाच राहतो. "पाकीट असलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं, बाई. पाकिटावरची तारीख उलटू द्यायची नाही आणि कोणी खायचं नाही." आमच्या शिंचू शहरातल्या झाडून सगळ्या कारखान्यांत हा वेडेपणा चालतो. मी म्हणाले, हे विद्यापीठ आहे, देऊळ नाही. म्हणतो, "म्हणूनच इथली अर्धी यंत्रं बंद असतात." निर्लज्ज.

१३ ऑक्टोबर
पाकीट उचलून खिडकीत ठेवलं. पै-चुनने परत यंत्रावर ठेवलं. पै-चुन म्हणजे माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. सध्या एकुलती एक. दर्जा राखायचा तर संख्या कमीच असते. तिला अंधश्रद्धेवर चांगलं सुनावलं. म्हणाली, "माझी श्रद्धा नाहीच हो, बाई. पण ठेवलं तर आपलं काय जातं?"

काय जातं! विज्ञान जातं. पाकीट पुन्हा खिडकीत.

१५ ऑक्टोबर
यंत्रातली सगळी हवा आधी खेचून काढावी लागते. केसाएवढी फट राहिली तरी थर बिघडतो. आज हवा पूर्ण निघाली. पाकीट खिडकीत असताना! लियाओला मुद्दाम कळवलं. उत्तर म्हणून त्याने जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

संकल्प : तेवीस तारखेपर्यंत चिडायचं नाही.

१६ ऑक्टोबर, दुपार
डीनचा फोन. खोलीची मापं घ्यायला माणूस पाठवू का? अजून परीक्षा झाली नाही आणि हे निकालाला निघाले! बाहेर वारा असा सुटलेला, की कँटीनपर्यंत जाणं अशक्य. रागाने भूक वाढते. ते हिरवं पाकीट फोडलं आणि खाल्लं. यंत्राचं झाकण उघडंच होतं. एका हाताने चिमट्यात काच धरून आत ठेवली, दुसऱ्या हाताने कुरकुरे. प्रयोगशाळेत खाऊ नये हा नियम विद्यार्थ्यांसाठी आहे. चव खोबऱ्याची. बरी होती.

अंधश्रद्धेचा विषय संपला.

१९ ऑक्टोबर
हवा निघत नाही! कुठून तरी आत येतेय. दिवा लाल. कारखान्याचा माल असाच असायचा.

२० ऑक्टोबर
लियाओला फोनवर झाडलं. तो म्हणे, "बाई, झाकणाखालची रबरी रिंग पुसली का?" मला रिंग पुसायला शिकवतो! हा चड्डीत होता तेव्हापासून मी रिंगा पुसतेय. मग हळूच विचारतो, "पाकीट जागेवर आहे ना?" मी फोन ठेवून दिला.

२१ ऑक्टोबर
उपाध्यक्षांना सविस्तर ईमेल. विषय : उद्योगांमधील ढिलाई. प्रत डीनना. पै-चुन म्हणाली, "झाकण उघडून एकदा बघू या ना." साफ मनाई केली. पुराव्याला हात लावायचा नसतो. तेवीसला सगळ्यांसमक्ष उघडू आणि त्यांच्याच तोंडाने कबूल करून घेऊ.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार
सगळे जमले. मी आधी बोलले. विद्यापीठ म्हणजे काटेकोरपणा, कंपनी म्हणजे घाई. छान बोलले. मग म्हणाले, उघडा.

लियाओने झाकण उघडलं. रिंगेवर एक पिवळा कण. त्याने चिमट्याने उचलून दिव्यासमोर धरला. पै-चुन खिडकीतली रिकामी जागा बघत होती. हुंग वाकले, वास घेतला आणि म्हणाले, "खोबरं."

लियाओ म्हणाला, "बाई, सांगितलं होतं ना, खायचं नाही."

त्याने रिंग पुसली. हवा निघाली. थर बसला. आरशासारखा! बघा, कल्पना माझीच बरोबर होती. मी तसं मोठ्याने म्हणालेही. हुंगनी मान्य केलं. म्हणाले, "कल्पना उत्तम आहे, बाई. ती आम्ही घेऊन जातो. यंत्रही नेतो. आमच्याकडे यंत्राजवळ कोणी जेवत नाही."

डीन खिशातून टेप काढून खोली मोजू लागले. टेप सोबतच आणली होती.

२ नोव्हेंबर
मला व्हरांड्याच्या टोकाला टेबल आणि जुनी भट्टी मिळाली आहे. शांत जागा. मूलभूत संशोधनाला अशीच हवी.

पै-चुन निरोप घ्यायला आली. लियाओच्याच विभागात लागली. तिथेच थिसिस पुरा करणार. मी म्हणाले, तिथे तुला विचार करायला कोणी सांगणार नाही. ती म्हणाली, "बाई, इथेही तुम्हीच करत होता." वाकून नमस्कार केला आणि टेबलावर हिरवं पाकीट ठेवून गेली. या मुलींना काही शिकवण्यात अर्थ नाही.

टेबलावर जागा नव्हती, म्हणून ते भट्टीच्या कंट्रोल बॉक्सवर ठेवलं. निव्वळ जागेअभावी. तारीख पाहिली. मे महिन्यापर्यंत आहे.

दुपारी भूक लागली. पाकिटाला हात लावला नाही. जेवणानंतर भट्टीचं बटण दाबलं. गेल्या वर्षीपासून रुसलेली भट्टी एका झटक्यात सुरू झाली.

योगायोग.

पाकीट जरा मध्यभागी सरकवलं.