आता एक्का नाही

गुरुवार, सरावाहून आल्यावर

आज कविताताईने सगळ्यांसमोर सांगितलं, "तू उंच झालीस गं. आता एक्क्याच्या खाली उभी राहा." दोन वर्षं आमच्या कोलशेतच्या मुलींच्या गोविंदा पथकात सगळ्यात वर, एक्का म्हणून, मीच चढायचे. सलामीला हात वर केले की क्षणभर खाडी दिसायची. तेवढ्यासाठीच चढायचे का मी? बहुतेक.

उंची वाढू नये म्हणून महिनाभर दूध सोडलेलं, भाकरी अर्धीच खायचे. शाळेतल्या पीटीच्या बाई कळल्यावर ओरडल्याच. "अगं, उंची आईबापाकडून येते. उपाशी राहून फक्त चक्कर येईल." पप्पा सहा फूट. मग मी कोणाशी भांडत होते?

आज नवी मुलगी सान्वी माझ्या खांद्यांवर उभी राहिली. पाय नुसते लटपटत होते तिचे. मी घोटे घट्ट धरले आणि विचारलं, "खाडी दिसली का गं?"

"डोळे मिटलेत ताई!"

"उघड ना, प्लीज उघड!" मी खालून ओरडले.

तिने उघडले की नाही, मला खालून दिसलंच नाही.