वाचनालयातली एकुलती एक प्रत

१२ जानेवारी, सकाळी
काल प्रकाशन झालं. माझी पहिली कादंबरी, 'अथांगाचा पंचनामा', पानं चारशे बारा. हॉलमध्ये ऐंशी खुर्च्या. चौदा भरल्या. त्यातल्या चार माईकवाल्याच्या माणसांनी, पण तीही माणसंच. मोजके आणि दर्दी लोक! गर्दी जमवायला मी काय सर्कस काढलीय?
आजपासून संकल्प: कुणालाही 'वाचलंत का' म्हणून विचारायचं नाही. लेखकाने आब राखून असावं.

१२ जानेवारी, दुपारी
ऑफिसात सगळ्यांना विचारलं. कुणीच वाचलेली नाही. पुस्तक येऊन एकच दिवस झालाय हे मान्य. पण निदान सुरुवात करायला काय धाड भरली होती? विमा कंपनीच्या क्लेम विभागात साहित्य कळणारे कुठून असणार म्हणा. दिवसभर लोकांच्या क्लेममधल्या थापा शोधून आमची डोकी गंजली आहेत. माझं सोडून.

१९ जानेवारी
लेखकाला पाच प्रती फुकट मिळतात. पाचही समीक्षकांना धाडल्या. आत्याने एक मागितली होती. आत्याने मला लहानाचं मोठं केलं, पस्तीस वर्षं शाळेत पोरं शिकवली, सगळं कबूल. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. घरच्यांनीच फुकट मागितलं तर साहित्य जगायचं कसं? म्हटलं, विकत घे. ती म्हणाली, बरं. घरी आल्यावर ही म्हणाली, लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला? बायकोला तत्त्वाचं वावडंच आहे.

२ फेब्रुवारी
दैनिकात नाव आलं! 'साभार पोच' या सदरात, इतर चौदा पुस्तकांबरोबर. माझं आठवं. म्हणजे बरोबर मधोमध, मानाच्या जागी. कात्रण काढून फ्रिजला लावलं. हिने त्यावर दुधाचा हिशोब लिहिला. असू दे.

२० फेब्रुवारी
प्रकाशकांनी बोलावलं. मला वाटलं दुसऱ्या आवृत्तीचं असेल. पाचशेपैकी एकतीस खपल्या म्हणे. गोडाऊनमध्ये जागा नाही. ३० जूनपर्यंत मोठी मागणी आली नाही तर उरलेल्या सगळ्या प्रती रद्दीत. हे सगळं दात कोरत सांगितलं त्यांनी! मी शांतपणे उठून बाहेर आलो. दार आपटलं ते वाऱ्याने.
रद्दी! सहा वर्षं पहाटे उठून लिहिलंय मी. एकही प्रत रद्दीत जाऊ देणार नाही. बघतोच.

२२ फेब्रुवारी
सार्वजनिक वाचनालयात गेलो. तिथे माझी एक प्रत घेतलेली आहे. नुसतं शेल्फवर बघून यावं, एवढाच हेतू. जागेवर नाही! ग्रंथपाल बाईंना विचारलं. म्हणाल्या, पंचवीस जानेवारीपासून बाहेर आहे, एका वाचकाने दोनदा मुदत वाढवून घेतलीय.
दोनदा! पायऱ्या उतरताना पाय जमिनीवर नव्हते. वाचक आहे. सोडवत नाहीये त्याला.

९ मार्च
अजून बाहेरच. तिसऱ्यांदा वाढवली. वाचकाचं नाव विचारलं तर बाई म्हणाल्या, नियमात बसत नाही. नसेना का. मी त्याला ओळखतो. तरुण असणार. जाड चष्मा. कदाचित प्रबंध लिहीत असेल माझ्यावर.

१७ मार्च
आत्याकडे चहाला. मध्येच विचारते, तुझ्या नायकाच्या थोरल्या भावाला पोहता येतं का रे? म्हटलं, अगं तो पान अठ्ठ्याऐंशीवर बुडून मरतो, पोहता कसं येईल? ती म्हणाली, हं. मग विचारलं, ती बाई लग्नाच्या आधीपासून पोटुशी होती का? म्हटलं, छे. पुन्हा हं. म्हणजे विकत घेतली तर! चांगलं झालं. गुंतलीय बिचारी. या वयात इतकं खोल साहित्य झेपत नसेल, पण धडपड आहे.

५ एप्रिल
तोड सापडली! वाचनालयाचा नियम: एखाद्या पुस्तकाच्या वेटिंग लिस्टवर पाच नावं लागली, की समिती सगळ्या साठ शाखांसाठी प्रती मागवते. प्रत्येकी पाच. म्हणजे तीनशे! प्रकाशकांना फोन केला. म्हणाले, तेवढी ऑर्डर आली तर रद्दीचं रद्द. पाच नावं म्हणजे काय, डाव्या हाताचा मळ.

१३ एप्रिल
डाव्या हाताचा मळ नाही. पहिलं नाव माझं. दुसरं हिचं, पण त्यासाठी बेसिनचा नळ दुरुस्त करावा लागला. तिसरं न्हाव्याचं, मी त्याचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सही केली, पण आधी माझी चांगली दाढ उपटली. शेवटी साहेब. त्यांनी कागद न वाचताच सही केली. सगळ्याच कागदांवर करतात.
पाच झाली!

१५ एप्रिल
यादी दिली. बाई म्हणाल्या, वेटिंग असेल तर चालू वाचकाला मुदत वाढवून मिळत नाही, एकवीस तारखेला पुस्तक परत येईल. माझ्या तरुण वाचकाबद्दल वाईट वाटलं. पण लढाई म्हटली की थोडं सोसावं लागतं.

२१ एप्रिल, दुपारी
अर्धी रजा टाकून वाचनालयात. बाई टेबलाशी माझं पुस्तक वाचत होत्या आणि हसत होत्या. पदराने डोळे पुसत होत्या! मी म्हटलं, विनोद माझा सूक्ष्म असतो. त्या म्हणाल्या, तुमचा कुठला हो? आणि पुस्तक माझ्याकडे फिरवलं.
समासात पेन्सिलीने लिहिलेलं. पानापानावर.
पान १३१: 'हा पान ८८ वर बुडाला होता. इथे चहा ओततो आहे. कोणी काढले?'
पान १७७: 'वादळ सुरू होऊन एकोणीस पाने झाली. घरात इतकी माणसे, एकाने तरी खिडकी लावावी.'
पान २०९: 'हिला चौदावा महिना लागला. डॉक्टरला दाखवावे.'
अक्षर वळणदार, उभं, टपोरं. हे अक्षर मला माहीत नाही असं कसं होईल? माझी पहिलीपासूनची प्रत्येक वही या अक्षराने भरलेली आहे.

२१ एप्रिल, संध्याकाळी
तडक आत्याकडे. मी ओरडलो. ती मटार सोलत होती, सोलतच राहिली. म्हणाली, तूच म्हणालास विकत घे, पेन्शनीत बसेना, म्हणून वाचनालयातून आणलं. मी म्हटलं, मग तीन महिने का अडवून ठेवलंस? तर म्हणे, हे सगळं नीट झाल्याशिवाय कुणाच्या हाती पडायला नको होतं. दुसऱ्या आवृत्तीआधी तुला यादी देणार होते. लोक हसले असते रे तुला.
मला हसणारे अजून जन्माला यायचेत, असं सांगून आलो. या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही, असंही सांगून आलो.

२५ एप्रिल
वेटिंगवर पहिलं नाव माझं, म्हणून बाईंचा फोन: पुस्तक घेऊन जा. म्हटलं, त्या विद्रूप प्रतीला मी हात लावणार नाही. खोडून द्या. बाई म्हणाल्या, खोडायचं का हे समिती ठरवेल, आणि तुम्ही नेत नसाल तर तुमचं नाव यादीच्या तळाशी जाईल. म्हटलं, खुशाल जाऊ द्या!

११ मे
काल समितीची बैठक. मी बाहेर बाकावर. वीस मिनिटांची बैठक अडीच तास चालली. आतून हसण्याचे आवाज. अध्यक्ष मोठ्याने वाचत होते. बाहेर आल्यावर सहाही सदस्यांनी वेटिंग लिस्टवर आपापली नावं घातली!
मी लगेच प्रकाशकांना कळवलं, तीनशे पक्क्या. मग बाईंनी सांगितलं, समितीने काही खोडायचं नाही असं ठरवलंय. नवीन प्रतीही मागवायच्या नाहीत. का? तर नव्या प्रतींमध्ये समासातलं नसतं ना. लोकांना हीच हवी.
माझ्या चारशे बारा पानांची किंमत शून्य, आणि आत्याचा समास भारी! हे साहित्याचं दिवाळं आहे.

१ जून
वेटिंगवर त्रेचाळीस जण. सध्या पुस्तक न्हाव्याकडे. दाढीला गेलो तर तो गिऱ्हाइकांना वाचून दाखवत होता. चौदाव्या महिन्यापाशी सगळं दुकान हसून कोसळलं. मी एका बाजूची दाढी तशीच ठेवून उठलो. ऑफिसात साहेब म्हणाले, अर्धवट काम करायची तुमची सवयच दिसते. तेही त्याच न्हाव्याकडे जातात वाटतं.

१६ जून
प्रकाशक स्वतः घरी आले. पहिल्यांदाच. म्हणाले, आत्याबाईंच्या सूचनांप्रमाणे सुधारून द्या, नवी आवृत्ती काढतो, जुन्या प्रतींनाही दुरुस्तीची पुरवणी जोडू, रद्दी टळेल. आधी ते आत्याकडेच गेले होते. तिने सांगितलं, पुस्तक मुलाचं आहे, त्याला विचारा.
मी म्हटलं, एक शब्द बदलणार नाही. स्वल्पविरामसुद्धा नाही. ही आतून म्हणाली, हो म्हणा हो. मी तिच्याकडे बघितलंही नाही. मान मोडेल पण वाकणार नाही.

३० जून
सकाळी गोडाऊनपाशी टेम्पो लागला. मी जाणार नव्हतो. गेलो. रस्त्यापलीकडे उभा राहिलो. माणसं गठ्ठे फेकत होती. चारशे एकोणसत्तर. एक गठ्ठा सुटला आणि पुस्तकं रस्त्यावर पसरली. एकाने एक उचललं, उघडलं, दोन ओळी वाचल्या, आणि टेम्पोत टाकलं.
टेम्पो वळणाआड जाईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.

९ जुलै
बाईंचा फोन: वेटिंगमधल्या दोघांनी नाव काढलं, मधले गावाला गेलेत, तुमचा नंबर लागतोय, या खेपेला तरी नेता का? गेलो. पिशवीत घालून आणलं. रविवार, ही माहेरी. बसलो वाचायला.
छापून आल्यापासून मी ती वाचलीच नव्हती. खरं सांगायचं तर त्याआधीही सलग कधी वाचली नव्हती.
थोरला भाऊ खरंच चहा ओततो. खिडकी खरंच कुणी लावत नाही. असा क्लेम माझ्या टेबलावर आला असता तर मी तिसऱ्या पानावर फेटाळला असता. वाचता वाचता मला हसू आलं. मग फारच आलं. मग वेगळंच काहीतरी व्हायला लागलं आणि चष्मा काढून ठेवावा लागला.
सगळीकडे चुका नाहीत. अधूनमधून समासात नुसती बरोबरची खूण आहे. मोजल्या. अकरा आहेत.
शेवटच्या पानाखाली लिहिलंय: 'चार वेळा वाचले. मुलगा मेहनती आहे. पुन्हा परीक्षेला बसवावे.'

२४ जुलै
वाचनालयात गेलो. पंधरा दिवस वाढवून मागितलं. बाई म्हणाल्या, मागे बावन्न जण थांबलेत. देऊन टाकलं.
तिथून आत्याकडे. माफी वगैरे मागितली नाही. तिनेही काही काढलं नाही, पाटीवरची धूळ झटकावी तशी खुर्ची झटकून दिली. चहा झाला. मी पिशवीतून कोरी वही काढली आणि विचारलं, सुरुवात कुठून करू?
ती म्हणाली, शीर्षकापासून.