स्पार्टा, तिसरा मजला

२७ मार्च २०१६, रविवार
ठरलं. यावेळी गेममध्ये स्पार्टा. सगळे मॅसेडोनिया घेतात, घोडदळ आयतं मिळतं म्हणून. स्पार्टाला डोकं लागतं. भालेवाले अरुंद पुलावर उभे करायचे, जागचं हलायचं नाही. समोरून कोणी फोडूच शकत नाही. मोहीम जिंकली की मराठीत यूट्यूब चॅनल. वाळूजच्या कंपनीतली नोकरी गेली ते एका अर्थी बरंच झालं.
दमयंती म्हणाली, उद्या शाळेत पेपर तपासायचेत, यायला उशीर होईल, टँकर आला तर पाणी भरून ठेव. हो म्हटलं.

२८ मार्च
टँकर आला होता म्हणे. हॉर्न ऐकूच आला नाही, हेडफोन होते. कोरिंथ घेतलं! दमयंती रिकामा ड्रम बघून हंडा घेऊन शेजारी गेली. बायको समजूतदार आहे.

३ एप्रिल
नवा नियम. टँकर आला की गेम पॉझ. दमयंतीला सांगितलं. ती म्हणाली, बघू.

७ एप्रिल
नियमाला अपवाद : वेढा. अथेन्सचा दरवाजा फुटायला आलेला, तेव्हा उठलं की लय जाते. बिल्डर लिफ्ट दिवाळीत बसवणार म्हणतो, तोवर जिनाच. दमयंती टँकरचा हंडा घेऊन वर येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पडली. शेजारच्या जहांआरा भाभी दार वाजवायला लागल्या, "मंदार भाई, दमयंती गिर गई, जल्दी आओ." आलोच म्हटलं. खाली गेलो तर भाभी तिला रिक्षातून घेऊनही गेल्या होत्या. मनगट मोडलंय.
उद्या पाडवा. गुलमंडीतून श्रीखंड मी स्वतः आणणार.

९ एप्रिल
पाडव्याला दुकानात लई गर्दी असते. श्रीखंड राहिलं.
नाशिकहून सासरे आले, व्यंकटराव. माझ्यामागं उभे राहून स्क्रीन बघत होते.
"हे काय?"
"स्पार्टा."
"जिंकतंय का?"
"हो."
"बरं." मग म्हणाले, "हात जुळेपर्यंत नेतो तिला. इथं पाण्याचे हाल आहेत."
चांगली कल्पना, म्हटलं. दमयंतीनं बॅगेत स्वेटरही भरला. एप्रिलमध्ये! बायकांचं पॅकिंग.

२० एप्रिल
दमयंती फोन उचलत नाही. विश्रांती घेत असणार. डिस्टर्ब करायचं नाही.

२ मे
स्पार्टा पडलं. सगळं सैन्य अथेन्सला, घर मोकळं, मॅसेडोनिया मागून आला. भालेवाल्यांना पटकन वळता येत नाही. हा गेमचाच दोष.
दमयंतीला फोन केला, आज उचलला. स्पार्टा पडलं, म्हटलं. ती म्हणाली, "जूनपासून मी इथल्या शाळेत लागतेय."
तात्पुरतं का, विचारलं.
"वेळेवर जेवत जा, मंदार."
म्हणजे काळजी आहे. येईल.

१५ मे
दुपारी टँकर आला. हॉर्न ऐकू आला. घरात प्यायलाही पाणी नव्हतं, उतरलो. रांगेत जहांआरा भाभींनी विचारलं, दमयंती कब आ रही? पुढच्या आठवड्यात, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि माझा हंडा पुढं सरकवला.
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबलो. तोल गेला होता, भिंत धरली म्हणून वाचलो. तिथंच बसून राहिलो.
भरलेला हंडा कडेवर घेतला की पुढची पायरी दिसतच नाही.