फाळक्यावरची जागा

दत्त्या,

'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. डोक्यात राग असताना प्रिय-बिय लिहायची मला सवय नाय, आणि तुझ्यापुढं नाटक कशाला करू?

काल तुझी वैशाली पिकअप घेऊन माझ्या दुकानात आली. तुझा तेरावा होऊन पंधरा दिवस झालेत. पोरगी साइटवरनंच आली होती, हातापायाला सिमेंट. म्हणाली, "काका, पुढच्या काचेवर 'पप्पांचे आशीर्वाद' टाकायचंय. आणि मागच्या फाळक्यावरचं रेडियम पार फाटलंय, ते काढून सगळं नवीन करा." मग फाळक्यासमोर जरा उभी राहिली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "काका, पप्पा म्हणायचे, रफीकला खाली आपलं नाव टाकलेलं आवडत नाय. खरंय का?"

मी काय म्हणलो असेन? म्हणलं, "व्हय बेटा. नाय आवडत."

गाडी ठेवून ती रिक्षानं गेली. तवापासून माझं डोकं भणभणतंय. मला आवडत नाय? दत्त्या, मेलेल्या माणसाला वाईट बोलू नये म्हणतात, पण मेलेल्या माणसानं जिवंत माणसाच्या तोंडी न बोललेलं घालावं, हे कुठल्या शास्त्रात बसतं रे? म्हणून आज सकाळी शटर अर्धंच उघडलं आणि लिहायला बसलो. तेराव्याला गप्प बसलो होतो. तिथं तुझ्या कुठल्याशा पाहुण्यानं दुसऱ्याला माझी ओळख करून दिली, "हे दत्ताभाऊंचे पेंटर." पेंटर! मी मान हलवली आणि बुंदी खाल्ली.

आपल्या गावी, पिशोरच्या शाळेत तुझ्या सगळ्या वह्यांवर नाव कोण लिहायचं, आठवतं का? तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. गुरुजींनी विचारलं, हे कुणी लिहिलं, की तू छाती फुगवून सांगायचास, "आमच्या रफीकनं!" त्या 'आमच्या'साठी मी तुझ्या भूगोलाच्या वहीवर फुलं पण काढली होती. गाढव होतो.

शहरात आलो तेव्हा तू गच्च्यांवर डांबर ओतायला जायचास आणि मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. मग तू ती जुनी पिकअप घेतलीस. तिचा एक दरवाजा दोरीनं बांधलेला! दोन दिवस मी मोकळ्या मैदानात तिच्यावर ऑइलपेंटनं लिहीत होतो, आणि ओळ सरळ मारायला खडू लावलेल्या सुतळीचं एक टोक धरून तू उन्हात उभा. आडनाव तुझं वेगळं, पण पाटीवर गावच पाहिजे हा तुझा हट्ट. 'पिशोरकर वॉटरप्रूफिंग'. बाजूला निळा पाण्याचा थेंब, त्याच्यावर उघडलेली छत्री. तो लोगो माझ्या डोक्यातनं आला होता, विसरू नको.

काम झालं, मी ब्रश धुवायला लागलो तर तूच ओरडलास, "अरे, खाली तुझं नाव टाक की! चोरी केलीस का?" मला लाज वाटत होती. पहिलंच मोठं काम, कुठं सही करायची! तू ऐकेनास. मग फाळक्याच्या उजव्या कोपऱ्यात, बोटाएवढ्या अक्षरांत लिहिलं, 'रफीक आर्ट' आणि खाली फोन नंबर.

आठ दिवसांत करमाडहून एका बोअरवेलवाल्याचा फोन आला. जालना रोडला सिग्नलवर तुझ्या मागं उभा होता म्हणे, फाळका वाचत. त्याचं काम केलं, मग त्याच्या भावाचं. आमचा धंदा असाच चालतो, तुला काय सांगायचं? गाडी फिरते तसं नाव फिरतं. तुझ्या फाळक्यानं माझी चूल पेटली, हे मी दहा जणांसमोर बोललोय, आजही बोलीन.

पुढं ब्रश गेला, रेडियम आलं. मी कटिंगची मशीन घेतली तेव्हा पहिला नारळ तू फोडलास. माझ्या दुकानात नारळ! अम्मी हसत होती, तूच तिला खोबऱ्याचा तुकडा दिलास. तू गाडी बदललीस, एकदा नाय, दोनदा. दर वेळी नवा फाळका, दर वेळी माझं नाव कोपऱ्यात. ते टाकायचं का, असं कुणी विचारत पण नव्हतं.

मग शहराचं नाव बदललं.

त्या दिवसांत माझ्या दुकानासमोर गाड्यांची लाइन. टेम्पो, शाळेच्या व्हॅन, पाण्याचे टँकर, सगळ्यांना पत्त्याची ओळ बदलायची. मी दिवसभर 'औरंगाबाद' सोलायचो आणि 'छत्रपती संभाजीनगर' लावायचो. लोक गंमतीनं विचारायचे, रफीकभाई, कसं वाटतंय? मी म्हणायचो, बोटं दुखतायत. खोटं नव्हतं ते.

तू पण त्याच लाइनीत आलास. चहा पिलास. मग चप्पलनं माती उकरत म्हणलास, "पत्ता आता लांबलाय ना. खालचं ते तुझं नाव-बिव... या वेळी राहू दे. जागा कमी पडतीय."

जागा कमी? दत्त्या, मला जागा शिकवतोस? उभी हयात मी दुसरं काय मोजलंय रे? त्या फाळक्यावर पत्ता एका ओळीत बसून वर वीतभर पत्रा उरत होता. ते मला दिसत होतं, तुला दिसत होतं, समोरच्या पानटपरीवाल्याला पण दिसत असेल. तू माझ्याकडं बघत नव्हतास. तुझ्या मानेवर घाम आला होता.

आणि मी काय केलं? म्हणलं, "व्हय. जागा कमीच आहे."

पुढचं तुला कधी सांगितलं नाय. तू गेल्यावर मी कॉम्प्युटरवर तो थेंब उघडला आणि मोठा केला. पाच बोटं मोठा. छत्रीसकट खाली ओढून कोपऱ्यापर्यंत आणला, माझ्या नावाच्या जागेवर. म्हणजे तुझं खोटं खरं व्हावं. म्हणजे उद्या कुणी विचारलं तर तुला म्हणता यावं, बघा ना, जागाच नाय! साबणाचं पाणी मारून, पट्टीनं हवा काढत काढत मीच तो चिकटवला. एक बुडबुडा राहू दिला नाय. इतकं साफ काम मी त्या वर्षात दुसरं केलं नसेल. संध्याकाळी गाडी न्यायला आलास तेव्हा म्हणलास, "लोगो झकास दिसतोय रे!"

झकास!

तुला असं वाटलं का, की मला कळलं नाय? का असं वाटलं, की कळलं तरी हा काय करणार आहे?

त्याच्यानंतरही तू येतच होतास, याचाच तर जास्त राग येतो. ईदला आलास, दोन वाट्या शीरखुर्मा खाल्लास, तिसरी डब्यात नेलीस. माझ्या घरात तुला पोटभर जागा, आणि तुझ्या फाळक्यावर मला बोटभर नाय. मी वाढत होतो आणि मनात म्हणत होतो, आज बोलेल, आता बोलेल. तू माझ्या बायकोला म्हणलास, "वहिनी, खजूर कमी पडलाय या वेळी."

एकदा खरं सांगितलं असतंस! "रफीक, धंद्यात अडचण आहे, लोक असं असं बोलतात, मला भ्या वाटतं." मी दोन शिव्या घातल्या असत्या. चार दिवस बोललो नसतो. मग स्वतःच म्हणलो असतो, काढ बाबा, पोरगी शिकतीय तुझी. पण तू मला ती संधी पण दिली नाय. आणि मग वैजापूरला त्या गोदामाच्या स्लॅबवर छातीत कळ आली आणि तू गेलास. किती सोपं केलंस स्वतःला!

थांबतो. वैशाली आली वाटतं, बाहेर रिक्षा वाजतीय.

*

दुपार झाली. पेन परत हातात घेतलंय. ती येऊन गेली.

मी बोलायचं ठरवलं नव्हतं. काल रात्रीच काचेवरचं काम करून ठेवलं होतं, 'पप्पांचे आशीर्वाद', पिवळ्या अक्षरांत, तुला पिवळा आवडायचा म्हणून. फाळक्यावरचं जुनं सगळं हीटगननं ऊब देऊन सोललं होतं, थिनरनं गोंद पुसला होता. पत्रा कोरा. नवीन अक्षरं कापून टेबलावर तयार. तिनं बघितलं आणि डोळे पुसले. चहा सांगितला. आणि माझ्या तोंडातनं निघूनच गेलं, "बेटा, काल मी खोटं बोललो. नाव टाकायला मला आवडतं. तुझ्या बापानं मला काढायला लावलं होतं."

मला वाटलं, रडेल. नायतर चिडेल, पप्पांबद्दल असं कसं बोलता म्हणेल. ती चहाकडं बघत म्हणाली, "माहितीय मला, काका. मी तवा गाडीतच होते."

तुझ्या पोरीनं जे सांगितलं ते तसंच्या तसं लिहितो. तुला ते पाठ असेल, पण आता मला पण पाठ झालंय. पत्ता बदलायला माझ्याकडं यायच्या आधी कुठल्या तरी मोठ्या सोसायटीत तू कामाचं बोलायला गेला होतास, वैशाली गाडीत बसलेली. अध्यक्षांनी फाळका वाचला आणि म्हणाले, "दत्ताभाऊ, तुमच्याकडं माणसं कोण कोण असतात? आमच्या गच्चीवर लेकीबाळी कपडे वाळत घालायला जातात." आणि तू हसून म्हणलास, "नाय हो साहेब, तो काय आपल्यातला नाय. नुस्ता रेडियमवाला आहे."

नुस्ता रेडियमवाला.

दत्त्या, अध्यक्षाचा मला राग नाय, त्याला मी ओळखत नाय. पण तू हसलास कशाला?

वैशाली म्हणाली, "फाळक्यावरनं तुमचं नाव काढून पप्पा घरी आले, तवा मी त्यांच्याशी भांडले. म्हणलं, काकांना काय वाटलं असेल? तर पप्पा म्हणाले, रफीक काय बोलला नाय. म्हणजे त्याला चालतंय."

मी कप खाली ठेवला. बरं झालं अम्मी हे ऐकायला राहिली नाय.

"मग काल का विचारलंस?" मी म्हणलं.

"मला वाटलं, आता तरी तुम्ही बोलाल," ती म्हणाली. "तुम्ही व्हय म्हणलात. मला लई वाईट वाटलं."

बघ, तुझी पोरगी तुझ्यापेक्षा मोठी निघाली. मला वाटलं, आता म्हणेल, काका, टाका तुमचं नाव. मशीनवर माझ्या नावाचा तुकडा कापायला लावायचा एवढंच बाकी होतं. पण ती खाली बघत म्हणाली, "काका, खोटं नाय बोलत. त्याच सोसायटीच्या दुसऱ्या विंगचं काम माझ्याकडं आहे. पप्पा गेल्यावर मला मिळालेलं पहिलं काम. बाई आहे म्हणून आधीच दहा शंका काढतायत. तेवढं पार पडू द्या. दिवाळीनंतर तुमचं नाव टाकू, नक्की."

तिचं चुकलं, असं मी म्हणणार नाय. कामगारांचे पगार तिच्या डोक्यावर, आई घरात एकटी. आणि तिनं माझ्या तोंडावर खरं सांगितलं, जे तुला चाळीस वर्षांच्या दोस्तीत जमलं नाय. तिच्या डोक्यावर हात ठेवावा वाटला. ठेवला पण.

मग म्हणलं, "बेटा, तुझं बरोबर आहे. पण मग फाळका दुसऱ्याकडनं करून घे."

ती बघतच राहिली. "काका, रागावलात?"

"व्हय," मी म्हणलं. "तुझ्यावर कमी. तुझ्या बापावर जास्त. आणि सगळ्यात जास्त माझ्यावर."

कापलेली अक्षरं मी गुंडाळून तिच्या हातात दिली. कुणीपण चिकटवून देईल, सोपं काम आहे, पाणी जास्त मारू नको म्हणून सांग. तिनं घेतली नाय. टेबलावरच ठेवली आणि गाडी काढली. समोर काचेवर तुझे आशीर्वाद आणि मागं कोरा पांढरा पत्रा. ना पिशोर, ना थेंब, ना कुणाचं नाव. मी दारात उभा राहून बघत होतो. एवढी वर्षं तुझी गाडी माझ्या दारातनं अशी नागडी कधी गेली नव्हती, आणि मी ती जाऊ दिली.

वाईट वाटलं का? लई वाटलं. पण बोलावलं नाय मागं.

आता ऐक. वैशालीला माझं घर बंद नाय. ईदला आली तर तिच्या वाटीत खजूर जास्तच घालीन, अडली-नडली तर अर्ध्या हाकेला जाईन. तिच्या लग्नाच्या मांडवाची पाटी मीच करीन आणि तिच्यावर नाव टाकणार नाय, कारण ते घरचं काम. पण धंद्याच्या गाडीला माझा हात, माझ्या नावाशिवाय, आता लागणार नाय. तुझ्याच नाय, कुणाच्याच. आणि ती पोरगी पुन्हा काही विचारेल तेव्हा तुझी अब्रू झाकायला मी मान हलवणार नाय. जे असेल ते तोंडानं सांगीन, ऐकायला कितीही कडू लागलं तरी. ही कसम मी तुझ्या जाण्याच्या दुःखात खात नाय, पूर्ण शुद्धीवर खातोय.

तू घरी जाऊन पोरीला जे सांगितलंस ना, ते तेवढं दुरुस्त करून घे, जिथं असशील तिथं. मी बोललो नाय, हे खरं. पण मला चालत नव्हतं, दत्त्या. एक दिवस पण चाललं नाय.

तुझा,
रफीक, पिशोरचा